कडियाच्या घरची भिंत

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी आमच्या घरात आली त्याबद्दल मी तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं, लिहायची ताकदच नव्हती खरं सांगायचं तर. बडोद्यातले लोक जाणतातच, धोक्याची पातळी ओलांडून पाणी गेलं ३५ फुटांच्या वर, सोसायटीच्या गेटपाशी मगर, फ्रिज तरंगतोय, आणि आम्ही दोघं वरच्या मजल्यावर पार्ले बिस्किटं खात बसलेलो. पाणी उतरलं तरी खालच्या भिंतींचं प्लास्टर चार फुटांपर्यंत फुगून पापडासारखं सुटत होतं. ते सगळं खरवडून परत करायला जो कडिया आला (आमच्या बडोद्याच्या मराठीत गवंडी कोणी म्हणत नाही, कडियाच) तो छोटा उदेपुरकडचा राठवा आदिवासी. वय असेल पस्तीस. कामाला एकदम चोख, बोलायला कमी. आम्ही आपसात गुजरातीच बोलतो, पण इथे मी मराठीत लिहितोय, आमचं बोलणं तसंच समजून घ्या.

तर एक दिवस तो रंध्याने भिंत घासत होता आणि मी बाजूला खुर्ची टाकून नुसता बघत बसलो होतो, कारण त्या दिवसांत मला दुसरं काही सुचतच नव्हतं, रात्री पाऊस आला की उठून जिन्यात जाऊन बसायचो. तो मध्येच म्हणाला, साहेब, आमच्या घरी पण एक भिंत करायची बाकी आहे. मला वाटलं घराचं काम काढलंय, सिमेंट वगैरे हवं असेल. म्हणलं किती गोणी लागतील? तो हसला. म्हणाला तिथे सिमेंट नाही चालत, पिथोरो लिहायचाय.

पिथोरा मला माहीत होता, म्हणजे बडोद्याच्या माणसाला जेवढा माहीत असतो तेवढा. घोडे घोडे असतात ते चित्र. हॉटेलांत, बँकेच्या कॅलेंडरवर, फ्लायओव्हरखाली. २०२३ साली परेश राठवांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात वाचलं होतं. आणि खूप वर्षांपूर्वी तेजगढच्या आदिवासी अकादमीत गेलो होतो, एम एस युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवणारे गणेश देवी सर, मूळचे भोरचे, त्यांनी उभी केलेली, तिथे पाहिला होता. पण 'लिहायचाय' हा शब्द मला खटकला. त्याने परत तेच सांगितलं, पिथोरो काढत नाहीत, लिहितात. लिहिणारा तो लखारो. आणि जो वाचतो तो बडवो.

बडवो म्हणजे आपल्या पंढरपूरचे बडवे नव्हेत हं. बडवो म्हणजे त्यांचा भगत म्हणा, वैद्य म्हणा, पुजारी म्हणा, आणि थोडा न्यायाधीशही म्हणा, ते मला नंतर कळलं.

गोष्ट अशी होती. कडियाचा धाकटा भाऊ पण बांधकामावरच होता, तीन वर्षांपूर्वी पालखावरून पडला. पालख म्हणजे परांची. हात मोडला, डोक्याला मार, मोठ्या दवाखान्यात महिनाभर होता, डॉक्टरांनी बरा करून घरी पाठवला. हात बरा झाला पण माणूस बरा झाला नाही. झोपायचा नाही. कोणी मागून आलं की ओरडायचा. कामावर जायचं नाव काढलं की थरथर. त्याच वर्षात घरच्या दोन म्हशी गेल्या आणि घरामागचा कुवा, म्हणजे विहीर, फेब्रुवारीतच आटला, जो आजोबांच्या काळापासून कधी आटला नव्हता. मग वडील बडव्याकडे गेले. त्याने दाणे पाहिले. म्हणजे धान्याचे दाणे टाकून ते कसे पडतात, जोडीने की एकटे, त्यावरून विचारत विचारत जायचं. आपल्याकडे देवीला कौल लावतात तसंच थोडंफार. दाण्यांत निघालं की आजोबांनी लिहून घेतलेला पिथोरो पडला त्या जुन्या घराबरोबर, आणि नवीन घरात देव नुसताच उभा आहे, त्याला बसायला जागा दिलेली नाही. वडिलांनी बाधा घेतली, म्हणजे नवस बोलले, की मुलगा जरा सावरला की भिंत करू.

आणि मला जी गोष्ट ऐकून बडव्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला ती ही, की त्याने पोराला सांगितलं होतं दवाखान्याच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. कडिया म्हणाला गोळ्या डॉक्टरच्या आणि बाधा देवाची, दोघांचं काम वेगळं.

पोरगा सावरला का? हो, हळूहळू. दोन वर्षं लागली. कशाने ते मी सांगू शकत नाही आणि सांगायला मी कोण. पण बाधा फेडायची वेळ आली होती आणि कडिया पैसे जमवत होता, माझ्या भिंतींचे पैसेही त्यातच जाणार होते. जाताना म्हणाला, साहेब, माघात करू, तुम्ही या. मी हो म्हणलं जसं आपण सगळ्यांना म्हणतो. तो मात्र फोन करून तारीख सांगायला विसरला नाही.

बायको म्हणाली, अहो, तिकडे बकरे कापतात, तुम्ही चहात अंडं पडल्यासारखं तोंड कराल आणि त्या लोकांचा अपमान कराल. तिचं बरोबर होतं. पण मी गेलो.

भारज नदीवरचा सिहोदचा पूल खचल्यापासून रस्त्याने त्या बाजूला जाणं म्हणजे कंबरेचा भुगा, म्हणून प्रतापनगरहून गाडी धरली. ही लाईन पूर्वी नॅरोगेज होती, गायकवाडांच्या राज्यातली, आता ब्रॉडगेज होऊन पार अलीराजपूरकडे जाते. डभोई, बोडेली, जेतपूर पावी, तेजगढ. बोडेलीच्या आसपास खिडकीतून ओरसंग नदी दिसली. पात्र केवढं रुंद, आणि त्यात पाण्यापेक्षा ट्रॅक्टरच जास्त. रांगेने उभे, मजूर फावड्याने रेती भरतायत. मी ते बघितलं आणि विसरलो. म्हणजे तेव्हा विसरलो.

कडिया स्टेशनवर मोटरसायकल घेऊन आला होता. फळियुं, म्हणजे वस्ती, डोंगराच्या पायथ्याशी, घरं लांब लांब, प्रत्येकाचं शेत प्रत्येकाच्या दारात. मोहाची झाडं. घर मातीचं, वर नळ्यांची कौलं, पुढे मोठी ओसरी. ओसरी आणि आतलं स्वयंपाकघर यांच्या मधली जी भिंत तीच पिथोराची भिंत, घरात शिरलं की समोर तीच.

मी पोचलो तेव्हा भिंतीला शेवटचा हात चालला होता. शेणाचे थर आधीच देऊन झालेले, त्यावर पांढरी माती. हे काम फक्त लग्न न झालेल्या मुली करतात. सात-आठ जणी, हातानेच, गोल गोल नाही, लांब लांब हात मारत, आणि खिदळत. आणि आमचा कडिया कोपऱ्यात उभा, अस्वस्थ. एका जागी थोडा फुगवटा राहिला होता, त्याला दिसत होता, मलाही दिसत होता, त्याचा हात नुसता शिवशिवत होता. बडोद्यात पंधरा वर्षं लोकांच्या भिंती गुळगुळीत करणारा माणूस आणि स्वतःच्या घरच्या भिंतीला हात लावायची त्याला मनाई. शेवटी न राहवून तो भाचीला म्हणाला इथे जरा दाब. ती म्हणाली मामा, तुम्ही जा बाहेर.

मग लखारे आले, पाच जण. लखारे पुरुषच. कोणी शेती करणारा, एक शाळेत शिपाई. रंग बाजारातलेच, पावडरीचे, पण कालवायचे दुधात आणि मोहाच्या दारूत. (गुजरातेत दारूबंदी आहे हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, देवाला माहीत नसावं.) खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानांचे द्रोण करून त्यात एकेक रंग. कुंचला म्हणजे बांबूची काडी टोकाला ठेचून तंतू सुटे केलेली. घोड्यांच्या आकारासाठी पत्र्याचा छाप होता, तो ठेवून आकार घेतात आणि मग आतून भरतात, हे बघून मी जरा निराश झालो, मला वाटलं होतं हातानेच काढतील. मी तसं बोललोही. शाळेतला शिपाई म्हणाला, साहेब, तुमच्या बँकेच्या फॉर्मवर तुम्ही नाव कसं लिहायचे, चौकोनात ना? मग.

आधी चौकट आखली, आणि चौकटीत खालच्या बाजूला एक फट सोडली. तो झांपो, म्हणजे फाटक, तिथून देव आत येणार. मग बाबा गणेह. मी गणपती शोधत बसलो, सोंड कुठेच नाही. गणेह घोड्यावर बसलेला, हातात हुक्का. मी मनात म्हणलं आमच्या दांडिया बाजारच्या गणपतीने हे बघितलं तर काय म्हणेल. मग बाबा इंद, पिथोरो स्वतः, राणी काजळ, हत्तीवर राजा भोज, नांगर धरलेला आभो कणबी, बारा डोक्यांचा धणी, एका पायाचा एकटांग्या, सुपाएवढ्या कानांचा सुपडकन्या. आणि देवांच्या मध्येमध्ये बाकी सगळं जग, ताक घुसळणारी बाई, ताडावर चढलेला माणूस, तागडी घेतलेला वाणी, माकडं, वाघ, उंट, विंचू, सूर्य, चंद्र, विहीर. एक जोडपं असं की मी मान वळवली, आणि म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. तेही लिहावंच लागतं, त्याशिवाय जग पुढे कसं चालणार, असं लखारो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला.

राणी काजळची गोष्ट कडियाच्या वडिलांनी सांगितली, तुटक तुटक. काळी कोयल नावाची इंदची बहीण, तिला लग्नाआधी मूल झालं, लाजेने तिने ते नदीत सोडलं, आणि राणी काजळने उचललं आणि वाढवलं. तो पिथोरो. ढग, पाऊस राणी काजळच्या हातात. मी म्हणलं म्हणजे कर्णासारखं. ते म्हणाले असेल, पण आमच्याकडे पुढे मामाने भाच्याला स्वीकारलं, मामाच्याच घरी त्याचं लग्न लागलं, ही भिंत म्हणजे त्या लग्नाची वरात, म्हणून एवढे घोडे.

आता खरी अडचण. संध्याकाळी बडवो आला. सत्तरीचा असेल, बुटका, डोक्याला फेटा, पायात रबरी चपला, खिशात चार्जिंगवाला मोबाईल. मला वाटलं होतं कोणीतरी भारदस्त जटावाला येईल. त्याने भिंतीकडे पाहिलंच नाही. ओसरीत बसून पहिला प्रश्न विचारला की अमका कुठे आहे. अमका म्हणजे कडियाचा सख्खा काका. काका आणि वडील यांच्यात नदीकाठच्या शेताच्या तुकड्यावरून सहा वर्षं बोलणं बंद, काकाचं घर समोर दिसतंय, शंभर पावलांवर, त्याच्या ओसरीत दिवा लागलेला दिसतोय, आणि इकडे आमंत्रण नाही. वडील म्हणाले तो येणार नाही. बडवो म्हणाला मग मी पण निघतो. आणि खरंच उठला. सगळ्यांची धावपळ. कोणी म्हणतंय बकरे आणलेत, कोणी म्हणतंय ढोलवाले आलेत. तो आपला बिडी ओढत अंगणात उभा.

तासभर तरी गेला असेल. शेवटी तो धाकटा भाऊ, ज्याच्यासाठी हे सगळं, जो दिवसभर कोणाशी बोलला नव्हता, तो उठला आणि एकटाच अंधारात काकाच्या घराकडे चालत गेला. काय बोलला माहीत नाही. बऱ्याच वेळाने दोघं आले, काकाच्या हातात एक कोंबडी. वडिलांनी काही म्हणलं नाही, नुसतं सरकून खाटेवर जागा केली. बडवो खाली बसला. बस, एवढंच. मी तर म्हणतो औषध तिथेच देऊन झालं होतं, बाकीची रात्र म्हणजे पथ्य.

रात्रीचं काय सांगू. आपल्याकडे जागरण-गोंधळ बघितलेला असेल त्याला अंदाज येईल, संबळाच्या जागी मोठे ढोल. बडवो गायला लागला, एकेक देवाला बोलवत, आणि गाता गाता त्याच्या खांद्यात थरथर सुरू झाली, मग मान, मग सगळं अंग. आमच्या आजीच्या माहेरी बोडणाला देवी अंगात यायची ते मी लहानपणी बघून घाबरून पळालो होतो. इथे पळायला जागा नव्हती, ओसरीत माणसं खचाखच. घुमत घुमत तो भिंतीपाशी गेला, हातात तलवार, आणि तलवारीच्या टोकाने एकेक आकृती दाखवून नाव घ्यायला लागला. हे त्यांचं वाचन. हा कोण? लोक ओरडून सांगतात. हा कोण? परत सांगतात. जणू हजेरी. कोणी राहून गेलं असेल तर तिथल्या तिथे लखाऱ्याने लिहायचं, म्हणून लखारे द्रोण घेऊन बाजूलाच बसलेले.

खाली उजवीकडे विहिरीपाशी येऊन तो थांबला. ढोल थांबले. विहीर लिहिलेली होती, गोल, बाजूला दोन बायका घडे घेऊन. तो म्हणाला, आ सुं? म्हणजे हे काय? लोक म्हणाले कुवो. तो म्हणाला, पाणी? कोणी काही बोललं नाही. लखाऱ्याने घाईत निळ्या रंगाचे ठिपके विहिरीच्या आत दिले, चार-पाच. बडवो हलेना. अजून दोन दिले. रंग ओला होता, एक थेंब भिंतीवरून ओघळून खाली चौकटीपर्यंत गेला आणि पुसायला कोणी पुढे झालं नाही. मग तो खूप वेळ बोलला, त्यांच्या बोलीत, मला निम्मं कळलं नाही. कडिया माझ्या कानात सांगत होता की तो विचारतोय, भिंतीवर पाणी लिहून घेता, घरामागे का नाही. नदीच्या पोटातून दिवसरात्र कोण काढतोय. तुमचीच पोरं काढतात ना. ओसरीच्या कडेला एक तरणा मुलगा बसला होता, काकाचा मुलगा, जीन्स आणि लाल टीशर्ट, त्याने मान खाली घातली. ट्रॅक्टर त्याचा होता.

आणि मला, खरं सांगतो, त्याच क्षणी घाम फुटला. कारण आमच्या सोसायटीत भिंतींसाठी जी रेती आली ती मीच फोन करून मागवली होती आणि दुकानदाराला बजावलं होतं, बोडेलीचीच पाहिजे हां, ओरसंगची, दुसरी मिसळलेली चालणार नाही. बडोद्यात घर बांधणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो. रवाळ, स्वच्छ, मातीचा अंश नाही. नदीत ती रेती स्पंजसारखी पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना देत राहते, ती खरवडली की पात्र खोल जातं आणि पाणी विहिरींतून उलटं नदीकडे उतरतं, हे मला शाळेत भूगोलात कोणीतरी शिकवलं असणारच. ज्या कडियाने ती रेती माझ्या भिंतीला लावली त्याच्याच घरामागचा कुवा आटलेला. आणि तो माझ्या कानात हळू आवाजात भाषांतर करत होता.

पहाटे बकरे कापले. मी मागे मोहाखाली जाऊन उभा राहिलो, कोणी काही म्हणलं नाही. माझ्यासाठी वेगळी मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ ठेवली होती, तिखट इतकी की डोळ्यांतून पाणी. मोहाची धार आधी जमिनीवर सोडतात, मग माणसांना. मी पानातून एक घोट घेतला, इथेच कबूल करतो, बायको हे वाचणार आहे.

जेवणं झाल्यावर सगळे उठून जातील असं वाटलं होतं पण म्हातारे बसून राहिले, आणि बोलणं रेतीवर आलं. गावात एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी सांगितलं की आपला भाग अनुसूचित क्षेत्र आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, रेतीसारख्या गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर ग्रामसभेची शिफारस आधी लागते, २०१७ मध्ये गुजरातने त्याचे नियमही केलेत, पण ग्रामसभेत आपण जातो का? चहा पिऊन सही करून येतो. एक जण म्हणाला पट्टा कुठे आहे, इथे तर बिनापट्ट्याचंच चालतं, रात्री. त्यावर लाल टीशर्टवाला पहिल्यांदा बोलला. म्हणाला, काका, ट्रॅक्टरचे हप्ते आहेत, तुम्ही भरणार? मी नाही नेली तर तिसऱ्या गावचा नेईल. ह्याला कोणाकडेच उत्तर नव्हतं. बडवो तिथेच बसून कोंबडीचं हाड चोखत होता, रात्रीचा तो माणूस हाच हे सांगून पटलं नसतं. त्याने फक्त एवढं विचारलं की नदीकडे जायचा रस्ता कोणाच्या शेतातून जातो. तो जात होता त्याच तुकड्यातून ज्यावरून दोन भावांचं भांडण. सहा वर्षं दोघंही एकमेकांवर राग म्हणून ट्रॅक्टर अडवत नव्हते, तो म्हणे त्याची जागा, हा म्हणे त्याची. बडवो म्हणाला, आता बोलायला लागलात ना, मग झांपो लावा. भिंतीवरचाच शब्द. फाटक.

निघायच्या आधी मी त्याच्यापाशी गेलो, दादा म्हणून नमस्कार केला. कडियाने माझ्याबद्दल सांगितलं असावं, कारण त्याने माझा हात धरून विचारलं झोप येत नाही का. मी म्हणलं पाऊस आला की नाही येत, पाण्याची भीती बसलीय. त्याने विचारलं घर कुठे. म्हणलं नदीजवळ. किती जवळ? म्हणलं दोनशे पावलं. पूर्वी तिथे काय होतं? मी म्हणलं कोतर होतं, घळी होत्या, बिल्डरने भरून घेतल्या. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, मग ती तुझ्याकडे नाही आली, ती तिच्याच घरी आली, तू मध्ये होतास. मला वाटलं आता काही दाणे वगैरे बघेल, बाधा सांगेल. काही नाही. म्हणाला पावसाळ्याआधी सामान वर नेऊन ठेवत जा.

परतताना गाडीत परत ओरसंग. मी या वेळी खिडकीशी बसलो नाही.

मार्चात कडियाचा फोन आला की दोन्ही भावांनी मिळून शेताच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलंय आणि झांपो लावलाय, बांबूचा. ट्रॅक्टर तिकडून बंद. मी खूश झालो, सगळ्यांना सांगत सुटलो. मेमध्ये त्याने सांगितलं की ट्रॅक्टर आता अर्धा किलोमीटर खालून उतरतात, दुसऱ्या फळियातून, आणि एका रात्री कोणीतरी झांपो मोडून टाकला होता, परत लावला. चुलतभाऊ ट्रॅक्टर विकायच्या बेतात आहे पण गिऱ्हाईक रेतीवालेच. धाकटा भाऊ कामाला लागलाय, उंचावर नाही चढत, खाली माल कालवतो. कुव्यात पाणी आलं का हे मी विचारलं, तो म्हणाला पाऊस पडू द्या साहेब.

आमच्या मागच्या कंपाउंडची भिंत अजून बाकी होती, पुरात पडलेली. जूनच्या सुरुवातीला तो आला. मी आधीच ठरवून ठेवलं होतं, मोठ्या तोऱ्यात सांगितलं की या वेळी नदीची रेती नको, क्रशरची आणू. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाला, आणू, फिनिशिंग तेवढं नाही येणार, खरखरीत राहील. म्हणलं राहू दे. मग पाण्याची बादली भरता भरता म्हणाला, पण ती पण आमच्याकडचाच डुंगर फोडून येते हां साहेब.

मी म्हणलं मग काय करू?

तो म्हणाला भिंत जरा बुटकी करू. चार फुटांची पुरे ना? आणि दोरी लावायला घेतली.